बचत गट चालवून इंग्लंडला यायचं म्हणतेस, तर आधी हे वाच

बाय, तू विचारलंयस की गोव्यात साखळीला बचत गटात कोकमाचं आगळ, चटण्या, काजूचं केलं, आता नवऱ्याला इंग्लंडात स्विंडनला नोकरी मिळतेय, तर इथे येऊन आपल्या गोव्याच्या बायकांसाठी सोशल एंटरप्राइज, म्हणजे समाजाच्या भल्यासाठी चालवलेला धंदा, काढायला काय लागतं, डिग्री, ग्रँट का ओळखी. माझं उत्तर, तिन्ही नसले तरी भागतं. पैसे कोण देणार हे माहीत नसेल तर मात्र काहीच भागत नाही.

आधी व्हिसा. नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर, म्हणजे कंपनीने नोकरी दिल्यावर मिळतो तो, आणि तू त्याची डिपेंडंट, म्हणजे त्याच्या व्हिसावर अवलंबून असलेली बायको म्हणून आलीस तर उत्तम, नोकरीही करता येते, स्वतःचा धंदाही. पण सगळ्याच नोकऱ्यांवर बायकोमुलं आणता येत नाहीत, केअर वर्करना तर मार्च 2024 पासून बंदच केलंय, तेव्हा एजंट काय म्हणतो ते सोड, कागदावर नोकरीचा कोड, म्हणजे काम कुठल्या प्रकारचं ते दाखवणारा सरकारी नंबर, काय आहे ते बघ. मास्टर्सला म्हणून स्टुडंट व्हिसावर आलीस तर शिकताना धंदा करायची परवानगी नाही, मग कोर्सचं नाव सोशल आंत्रप्रनरशिप का असेना. आणि तुझी मावसबहीण पोर्तुगीज पासपोर्ट काढ म्हणतेय ना, तो आता यूकेत राहायला कामाचा नाही, 2020 संपायच्या आत जे इथे राहायला आले त्यांचं निभावलं. पोर्तुगाल नाहीतर आयर्लंडला जाणार असशील तर गोष्ट वेगळी, पण तो घेतला की भारताचं नागरिकत्व गेलं हे धरून चाल.

रजिस्ट्रेशनची फार काळजी नको. इथे कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी असते, सीआयसी म्हणतात, 2005 पासून आहे. फॉर्म भरायचा, कोणाच्या भल्यासाठी काम करणार ते लिहून द्यायचं, दरवर्षी रिपोर्ट टाकायचा. यात तुला डायरेक्टर म्हणून पगार घेता येतो, चॅरिटीच्या ट्रस्टींना साधारणपणे तो घेता येत नाही. मात्र कंपनीची मालमत्ता लॉक असते, उद्या बंद केलीस तर उरलेलं घरी नेता येणार नाही, तशाच दुसऱ्या संस्थेला द्यावं लागतं. आणि टॅक्समध्ये चॅरिटीसारखी सवलत नाही, नफ्यावर कॉर्पोरेशन टॅक्स भरायचा.

खरं अडतं ते पगाराशी. साखळीला महिन्याच्या शेवटी उरलं ते वाटून घेतलं, नाही उरलं तर पुढच्या महिन्यात बघू, असं चालायचं ना? इथे ते चालत नाही. बाई कामाला आली की किमान वेतन द्यायलाच पाहिजे, एप्रिल 2025 ला ते 21 वर्षांपासून पुढच्यांना ताशी 12.21 पौंड झालं आणि दर एप्रिलला वाढत जातं. हिशोब कर, दोन बायका चार-चार तास राबल्या तर 97 पौंड 68 पेन्स. डबा 7 पौंडाला विकलास तर पहिले 14 डबे नुसत्या पगारात गेले, त्यात तांदूळ, नारळ, गॅस, डब्याची पॅकिंग, किचनचं भाडं काही धरलेलं नाही! मग सगळे म्हणतात व्हॉलंटियर घे. घे की, पण जिला पैशाची गरज आहे तिलाच फुकट राबवायचं आणि वर तिच्या सक्षमीकरणाचा रिपोर्ट लिहायचा, हे मला तरी जमत नाही.

म्हणून डबा आपल्याच माणसांना विकून भागणार नाही, ते स्वस्त मागतात आणि त्यांचं चूक नाही. ऑफिसातली मीटिंग, शाळेचा कार्यक्रम, काउन्सिलची (म्हणजे इथल्या नगरपालिकेची) ऑर्डर, असलं गिऱ्हाईक शोध. 2012 चा सोशल व्हॅल्यू कायदा आहे, सरकारी संस्थांनी सेवा विकत घेताना समाजाला काय फायदा होतो त्याचाही विचार करायचा. नुसत्या त्या कायद्यावर ऑर्डर मिळत नाही, भाव आणि वेळ सांभाळावी लागतेच, पण तेवढं जमलं तर तुझं पारडं जड होतं. ग्रँटही मिळतात, अनलिमिटेड नावाची संस्था आहे ती एकेकट्या माणसालाही सुरुवातीला पैसे देते, स्कूल फॉर सोशल आंत्रप्रनर्सचे कोर्सही बरे असतात. पण ग्रँट संपते गं. लिज्जत 1959 मध्ये गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलं आणि देणग्या घ्यायच्या नाहीत असं ठरवलं, मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

खाण्याचं काम करणार तर सुरू करायच्या 28 दिवस आधी काउन्सिलकडे नोंद करायची, ती फुकट असते, घरच्या किचनमधूनही चालतं. मग ते तपासायला येतात आणि 0 ते 5 रेटिंग देतात, 5 च्या खाली ऑफिसवाले विचारत नाहीत असा माझा अनुभव. 14 ॲलर्जीच्या वस्तूंची यादी पाठ कर. काजू त्यात आहे, सुंगटां म्हणजे कोळंबी आहे, मोहरी आणि तीळपण. नारळ नाही, हे आपलं नशीब! हिंगाची डबी उलटून बघ, बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ असतं, म्हणजे साध्या डाळीच्या लेबलवरसुद्धा गहू लिहायचा.

आता बायकांचं. त्यांना काय पाहिजे हे तिथे बसून ठरवू नकोस. इथे कितीतरी जणी वेअरहाऊसला रात्रपाळी करतात, तू सकाळी 11 ला ट्रेनिंग ठेवलंस तर त्या झोपलेल्या असतात आणि तू म्हणशील बायकांना आवडच नाही. कोणाला इंग्लिश बोलायला पाहिजे, कोणाला मुलं सांभाळायला माणूस पाहिजे, स्वयंपाक शिकायचाय असं मला एकीनेही सांगितलं नाही. तू खाणपट्ट्यातली, 2012 ला खाणी बंद झाल्यावर ट्रकवाल्यांच्या घरात काय झालं ते बघितलंयस. इथे स्विंडनलाही होंडा कंपनीचा गाड्यांचा कारखाना 2021 मध्ये बंद झाला. एकाच मोठ्या धंद्यावर गाव अवलंबून असलं की काय होतं हे तुला शिकवायला नको, आणि ग्रँटचा फॉर्म भरताना हेच लिही, ताटातल्या पदार्थांची वर्णनं पुरे.

आल्या आल्या कंपनी काढू नकोस. वर्षभर दुसऱ्याच्या सोशल एंटरप्राइजमध्ये, अगदी कॅफेच्या काउंटरवरही नोकरी कर, बिलं कशी बनतात, पैसे किती उशिरा येतात ते बघ, तोवर नवऱ्याच्या पगारात घर चालतं का तेही कळेल. गटाचे हिशोबाचे कागद, बँकेची स्टेटमेंटं, फोटो सगळं स्कॅन करून आण, ग्रँट मागताना पूर्वीच्या कामाचा पुरावा लागतो. आणि ऑफर लेटर आलं की तो कोड मला पाठव, मग भाड्याच्या घराचं बघूया.