घरटं जागेवर, अंडी गायब: चोर कोण ते आधी ओळखा

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या शार्लट शहरातल्या घरी मागच्या कुंपणावर ठोकलेल्या घरट्याच्या पेटीत ब्लूबर्ड या लहान निळ्या पक्ष्याची चार निळी अंडी होती, संध्याकाळी पाहिली आणि सकाळी एकही नव्हतं. घरटं मात्र जसंच्या तसं. आता तिथे चिमण्या गवत आणतायत. आणि पेटी उघडल्यामुळे माणसाचा वास लागला असेल, असं सासूबाईंचं म्हणणं आहे.

सासूबाईंना निर्धास्त करा. ब्लूबर्ड माणसाच्या वासानं घरटं सोडत नाही. उलट आठवड्यातून एकदा पेटी उघडून पाहायलाच हवी, नाहीतर आत काय चाललंय ते कळणार कसं? फक्त पिल्लं बारा-तेरा दिवसांची झाली की दार उघडायचं नाही. उडता येत नसतानाच ती घाबरून बाहेर उड्या टाकतात.

तुमच्याकडचा चोर बहुतेक साप आहे. घरटं वाटीसारखं नीट, टरफलाचा तुकडा नाही, अंडी सगळी एकदम नाहीशी: ही काळ्या रॅट स्नेकची खूण. आपल्या धामणीसारखाच बिनविषारी, आणि लाकडी कुंपणावर सहज चढणारा. रकून हा केसाळ प्राणी आला असता तर गवत भोकातून बाहेर ओढलेलं दिसलं असतं. हाउस रेन हा छोटा तपकिरी पक्षी असता तर अंड्यांना बारीक भोकं पडली असती किंवा ती खाली जमिनीवर फेकलेली सापडली असती, आणि पेटीत काड्या भरायला सुरुवात झाली असती. चिमणा असता तर फुटकी अंडी, कधी डोक्यावर चोचीचे घाव असलेली मेलेली मादीसुद्धा. दार उघडल्यावर घाईनं साफसफाई करू नका, आधी नीट बघा. सगळा पुरावा तिथेच असतो.

सापाला मारू नका, जाळीही गुंडाळू नका. त्यात तो अडकून मरतो. पेटी कुंपणावरून काढा. आत्ता ती रिकामी आहे, हीच वेळ. गुळगुळीत धातूच्या पाइपवर, जमिनीपासून साधारण पाच फुटांवर लावा, आणि कुंपण, झाड, झुडपं यांपासून दहा-बारा फूट तरी लांब. पेटीखाली बॅफल, म्हणजे वर चढणाऱ्याला अडवणारा अडसर, हवाच. आठ इंच व्यासाचा, दोन फूट लांबीचा स्टोव्हपाइप (शेगडीच्या धुराड्याचा पत्र्याचा पाइप) घ्या, वरचं तोंड बारीक तारेच्या जाळीनं बंद करा आणि पाइपवर थोडा हलता राहील असा टांगा. वरून बंद असणं महत्त्वाचं, नाहीतर साप आतून सरळ वर जातो. पाइपला नुसतं ग्रीस लावून भागत नाही. त्यानं मुंग्या थांबतात, साप नाही. माझं स्पष्ट मत आहे की बॅफल लावायचा नसेल तर पेटीच लावू नये. आपण पक्ष्याला बोलावतो, मग त्याची राखणही आपल्याकडेच आली.

आता चिमण्या. चिऊ-काऊच्या गोष्टीवर वाढलेल्या आपल्या माणसांना हे फार जड जातं, मला कळतं. महाराष्ट्रात चिमणी कमी झाली म्हणून आपण हळहळतो. पण अमेरिकेत ती १८५०च्या दशकात युरोपातून आणून सोडलेली आहे आणि ब्लूबर्डची घरटी बळकावते. पेटीच्या दीड इंचाच्या भोकातून स्टारलिंग हा मोठा पक्षी शिरत नाही, चिमणी शिरते. ती मूळची तिथली नाही, म्हणून अमेरिकेच्या १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचं संरक्षण तिला नाही आणि तिचं घरटं काढता येतं. ब्लूबर्ड, ट्री स्वॅलो (पेटीत घरटं करणारा आणखी एक पक्षी) आणि रेन यांची अंडी मात्र हलवायची नाहीत, मग रेननं कितीही त्रास दिलेला असो. आधी ओळख पटवा: चिमणीचं घरटं पिसं, कागद, प्लास्टिक घालून वरपर्यंत भरलेलं, अंडी ठिपक्यांची. ब्लूबर्डचं बारीक गवताचं किंवा पाइनच्या सुयांचं, अंडी निळी, क्वचित पांढरी.

चिमणीचं घरटं काढत राहा, नाहीतर काही दिवस भोक बंद ठेवा. एक सावधगिरी: घर मोडलेला चिमणा चिडून शेजारच्या पेटीवर तुटून पडू शकतो. जवळ दुसऱ्या पेटीत ब्लूबर्ड बसलेली असेल तर चिमण्याचं घरटं मोडण्याऐवजी त्यातली चिमणीची अंडी जोरात हलवून परत ठेवा. ती उबत नाहीत आणि नर तिथेच गुंतून राहतो. फीडरमधली बाजरीसारखी बारीक धान्यं आणि मक्याचा भरडा बंद करा.

ब्लूबर्डनं पहिलं अंडं घातलं की छपरावर मायलरच्या, म्हणजे चमकत्या प्लास्टिकच्या, पट्ट्या टांगा, छपराला घासतील एवढ्या लांब. चिमण्या बिचकतात, ब्लूबर्डला अंड्याची ओढ असते, ती येते. अंड्याआधी टांगल्या तर तीही निघून जाईल. पिल्लं उडाली की लगेच काढा, नाहीतर चिमण्या सरावतात.

तुमच्या भागात ब्लूबर्ड हंगामात दोन-तीनदा अंडी घालते, तेव्हा ही जोडी पुन्हा येण्याची चांगली शक्यता आहे. ती रोज एक अंडं घालते आणि सगळी घालून झाल्यावरच उबवायला बसते. त्या मधल्या दिवसांत अंडी गार लागली, मादी दिसली नाही, तर घाबरून काही काढून टाकू नका. बसल्यापासून साधारण दोन आठवड्यांत पिल्लं येतात. पाइप लावलात की पेटीचा आणि खालच्या बॅफलचा फोटो टाका, उंची आणि अंतर बघून सांगते.