आधी त्रास, मग गुण

प्रिय,

डॉक्टरांनी नैराश्यासाठी लिहून दिलेली गोळी घ्यावी की नाही, असं विचारलंस. निर्णय तू आणि तुझे डॉक्टर मिळूनच घ्या. मी एवढंच सांगेन की नफा-तोट्याचा हिशेब घाईने मांडू नकोस.

या औषधांत त्रास आधी येतो आणि गुण मागाहून. मळमळ, डोकेदुखी, झोपेचा बिघाड पहिल्या काही दिवसांतच जाणवतो आणि बहुतेकांचा एक-दोन आठवड्यांत ओसरतो. मन हलकं व्हायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, पुरता अंदाज यायला सहा-आठ. दहाव्या दिवशी ताळेबंद मांडलास तर औषध तोट्यातच दिसणार. म्हणून आजच वहीत लिहून ठेव: झोप किती, जेवण जातं का, कामात लक्ष लागतं का. महिन्याभराने त्याच्याशी ताडून बघ.

एका धोक्याला मात्र थांबायला वेळ नसतो. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००४ मध्ये मुलं आणि किशोरवयीनांबाबत आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांबाबत तसा ठळक इशारा छापायला लावला. घरातल्या एकाला तरी हे सांगून ठेव. बेचैनी वाढली, जीव नकोसा झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ.

गुण किती येतो? २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ५२२ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. प्रौढांवर तपासलेली २१ही औषधं खोट्या (औषधच नसलेल्या) गोळीपेक्षा सरस ठरली, पण सरासरी फरक माफकच. नैराश्य सौम्य असेल तर आधी समुपदेशनाचा आग्रह मीही धरेन. अंथरुणातून उठवतच नसेल तर गोळीचं पारडं जड.

लैंगिक इच्छा कमी होणं, भावना बोथट होणं हे मात्र टिकून राहू शकतं. संकोचापोटी लोक ते बोलत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात. तसं करू नकोस. औषध किंवा मात्रा बदलता येते. एकदम बंद केलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेसारखे झटके येऊ शकतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने चालू ठेवून मग हळूहळू उतरवतात.

आणि पूर्वी कधी झोप न लागताही अंगात अफाट उत्साह संचारला असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांग. तो द्विध्रुवी विकार (बायपोलर, म्हणजे मन कधी अति उत्साहाच्या तर कधी नैराश्याच्या टोकाला जाणं) असेल तर नुसती ही गोळी उलटू शकते. चालू असलेल्या वेदनाशामक गोळ्यांची नावंही ने. काहींच्या जोडीने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

तुझी,
ताई