लेनी क्रेझेलबर्ग नक्की युक्रेनचा की अमेरिकेचा? त्याच्या करिअरबद्दल कोणी नीट सांगेल का?

रेकॉर्ड बघितलं तर वादच नाही, ऑलिंपिकची सगळी मेडल्स अमेरिकेच्या नावावर आहेत. पण मी स्वतः बॅकस्ट्रोक (पाठीवर पोहण्याचा प्रकार) पोहतो आणि त्याच प्रकारातल्या या माणसाच्या रेस परत परत बघत आलोय, त्यामुळे माझं मत सरळच सांगतो. स्ट्रोक ओडेसाचा, संधी लॉस एंजेलिसची. यातलं एक जरी काढलं तरी तो चॅम्पियन झाला नसता.

जन्म 1975, ओडेसा, तेव्हा सोव्हिएत युनियन, आता युक्रेन. घर ज्यू. तिकडे पोरांना लहानपणीच हेरून कसून तयार करायचे, हाही शाळकरी वयातच तसल्या कडक ट्रेनिंगमध्ये होता. मग ज्यूंना होणारा त्रास, वर पोरगा मोठा झाला की त्याला सोव्हिएत लष्करात जावं लागणार ही वडिलांची धास्ती, म्हणून 1988 ला घरच्यांनी देश सोडला आणि ऑस्ट्रिया, इटली करत 1989 ला लॉस एंजेलिसला पोचले. पोरगा 13 वर्षांचा, इंग्रजी येत नाही, हातात पैसे नाहीत.

लोक सिडनीबद्दल भरभरून लिहितात पण मला विचाराल तर खरी कसोटी ही पुढची पाच-सहा वर्षं होती. फेअरफॅक्स हायस्कूलला स्विमिंगची टीमच नव्हती! तो ज्यू कम्युनिटी सेंटरच्या पूलवर लाइफगार्डचं काम करायचा आणि तिथेच पोहायचा, मधे सोडून द्यायच्या बेतात आला होता पण वडिलांनी सोडू दिलं नाही. नंतर सांता मोनिकाच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात गेला, तिथले कोच स्टू ब्लमकिन यांना याच्यात काय आहे ते दिसलं आणि त्यांनी यूएससीचे (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) कोच मार्क शुबर्टना सांगितलं, तिथून गाडी रुळावर आली. 1995 ला नागरिकत्व मिळालं, 1996 च्या ऑलिंपिक टीममध्ये मात्र जागा मिळाली नाही.

आणि मग 1998 ला पर्थच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये 100 आणि 200 मीटर दोन्हीत गोल्ड. ऑगस्ट 1999 मध्ये सिडनीच्या पॅन पॅसिफिक स्विमिंग स्पर्धेत तर एकाच स्पर्धेत 50, 100 आणि 200 असे तिन्ही वर्ल्ड रेकॉर्ड मोडले, 24.99, 53.60 आणि 1:55.87. पुढच्या वर्षी त्याच पूलमध्ये ऑलिंपिक. 100 मध्ये 53.72, 200 मध्ये 1:56.76, दोन्ही गोल्ड, दोन्ही ऑलिंपिक रेकॉर्ड, शिवाय मेडले रिलेचं (चौघे आळीपाळीने वेगवेगळा स्ट्रोक पोहतात, पहिला बॅकस्ट्रोक) गोल्ड आणि त्यात वर्ल्ड रेकॉर्ड.

200 ची फायनल मिळाली तर बघाच. डोकं इतकं स्थिर की बाकीचं शरीर त्याच्याभोवती फिरतंय असं वाटतं, खांदे आलटून पालटून पाण्याबाहेर येतात, करंगळीकडून हात आत जातो आणि घाई कुठेच नाही, शेजारच्या लेनवाले जास्त हात मारतायत तरी मागेच. हे तंत्र विशीत शिकून अंगात मुरत नाही, ते लहानपणीच बसवावं लागतं, म्हणून मी ओडेसाचं नाव घेतो. त्या फायनलला दुसरा आलेला 17 वर्षांचा पोरगा म्हणजे आरन पीअरसोल.

त्यानंतर खांद्याच्या ऑपरेशनांनी वाट लावली. तरी तो 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकसाठी परत उभा राहिला आणि सरावाला गेला कुठे, तर कोच डेव्ह सालो यांच्याकडे कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनला, म्हणजे पीअरसोलच्याच पूलमध्ये. आपली जागा घेणाऱ्याच्या शेजारच्या लेनमध्ये पोहायचं, याला छाती लागते. अथेन्सला 100 मध्ये पीअरसोल पहिला, लेनी 54.38 सह चौथा. ब्राँझ 54.36 ला गेलं. दोन शतांश सेकंद! मला अजून त्याची हळहळ वाटते.

मेडले रिलेच्या हीटमध्ये (फायनलआधीची फेरी) लेनी पोहला, फायनलला पीअरसोल, आणि पीअरसोलने पहिल्याच लेगमध्ये (रिलेतला आपला टप्पा) 53.45 काढून लेनीचा 1999 चा 100 मीटरचा रेकॉर्ड मोडला. अमेरिका जिंकली, हीट पोहल्यामुळे लेनीलाही गोल्ड मिळालं, त्याचं चौथं. म्हणजे ज्या रेसमध्ये त्याचा शेवटचा वर्ल्ड रेकॉर्ड गेला त्याच रेसचं मेडल त्याच्या गळ्यात.