छंद : वाचन, गाणी ऐकणे, प्रवास

नोकरीचा बायोडेटा नीट करून घ्यायला ती माझ्याकडे आली तेव्हा प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दीड पानी कागद होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) बी.कॉम., एका सीएंच्या ऑफिसात दोन वर्षं काम, टॅली आणि जीएसटी रिटर्नवर हात बसलेला. खुर्चीत टेकायच्या आत विचारलं, "मॅडम, छंद ठेवू की काढू? दादा म्हणतो पोरकट दिसतं. कॉलेजचे सर म्हणायचे, ठेवायचेच."

कागदावर तळाशी लिहिलं होतं : वाचन, गाणी ऐकणे, प्रवास. त्याखाली उंची, पाच फूट दोन इंच.

"उंची कशाला गं?"

ती हसली. ताईच्या लग्नासाठी केलेली फाइलच तिने वापरली होती. रास, गोत्र, मामांचं गाव काढलं, उंची राहून गेली. छंदही ताईचेच. आपल्याकडे नोकरीचा आणि लग्नाचा कागद एकाच नावाने ओळखतात, दुसरं काय होणार!

"शेवटचं पुस्तक कोणतं वाचलंस?" ती पंख्याकडे बघायला लागली. मुलाखतीत नेमकं हेच होतं. वाचन लिहिणाऱ्याला पुस्तक विचारतात, ट्रेकिंग लिहिणाऱ्याला विचारतात कळसूबाईला कुठल्या गावातून चढलात, आणि एका निरुपद्रवी ओळीपायी वरच्या खऱ्या ओळींवरही संशय येतो.

मग मी छंद सोडले आणि रविवारी काय करतेस ते विचारलं.

"पथकात असते." ढोल-ताशा पथक. पावसाळा सुरू झाला की सराव, ती ताशा वाजवते. "आणि हिशोब बघते," हे जरा हळूच. शंभरेक वादकांची वर्गणी, फाटलेली पानं, दोर, टिपरू, टेम्पोचं भाडं. आधी वहीत, आता एक्सेलमध्ये. चार वर्षं. "पण ते काय बायोडेटात लिहायचं?"

अकाउंट्सची नोकरी शोधणारी मुलगी हे लपवते आणि ताईचा प्रवास छापते! हिशोबाची ओळ आम्ही छंदांतून काढून अनुभवाच्या खाली नेली, कारण तो छंद नव्हेच. तळाशी एवढंच ठेवलं : ताशावादन, चार वर्षं.

दादाचंही अगदीच चूक नव्हतं. दहा-बारा वर्षं नोकरी झालेल्या माणसाच्या कागदावर जागा कमी पडली की मी आधी छंदच उडवते. मोठ्या कंपन्यांत पहिली चाळणी अनेकदा सॉफ्टवेअर लावतं. त्याला टॅली हवं असतं, ताशा नाही. यूपीएससीची गोष्ट वेगळी : तिथे अर्जातच छंदांचा रकाना आहे आणि 275 गुणांच्या मुलाखतीत त्यावर खोदून विचारतात. नुकत्याच पास झालेल्यांकडे सांगायला कमी असतं, त्यांनी एखादी खरी ओळ जरूर ठेवावी. एखाद्या पक्षाचं काम मात्र मी शक्यतो लिहू देत नाही. समोरचा कुठल्या बाजूचा, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं?

ताशाबद्दलही तिला बजावलं होतं : कुणाच्या कपाळाला आठी पडेल, कुणी सुट्ट्यांचं विचारेल. तयारी ठेव.

तेच झालं. पुढच्या महिन्यात तिचा फोन आला. मुलाखतीत साहेबांनी पहिलंच विचारलं होतं, "गणपतीत दहा दिवस दांडी का?"

"नाही सर, आम्ही दोनच सुपाऱ्या घेतो. पहिला दिवस आणि विसर्जन. दोन्ही दिवशी ऑफिस बंदच असेल ना?"

मग ते वर्गणीवर घसरले. बुडवणाऱ्यांचं काय करता?

"सरावाला ढोल देत नाही, सर."

टॅलीची टेस्टही तिने नीट दिली होती, तेव्हा नोकरी ताशामुळे लागली असं मी म्हणणार नाही. पण उधारी वसुलीचं काम तिच्याकडे पहिल्याच आठवड्यात आलं.