सोलर बसवण्याआधी गॅसच्या पावत्या काढा

प्रश्न : आमचं मध्यम आकाराचं सुपरमार्केट आहे. कार्बन उत्सर्जन कमी करायचं म्हणून छतावर सोलर पॅनल बसवायचा विचार आहे. चिलर-फ्रीझर आर-४०४ए या थंडावा निर्माण करणाऱ्या गॅसवर चालतात, वर्षातून एक-दोनदा गॅस भरावा लागतो. सुरुवात सोलरनेच करावी का?

उत्तर : सोलर जरूर बसवा, पण आधी गॅसकडे बघा. बंद यंत्रणेतला गॅस वापरून संपत नाही. भरावा लागतो म्हणजे गळती आहे. आर-४०४एचा एक किलो हवेत गेला, की शंभर वर्षांच्या हिशेबाने तो सुमारे ३९०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा ठरतो. दहा किलो गेला तर ३९ टन! वीजबिलात याचा मागमूस नसतो, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही.

जुन्या पावत्यांवरून वर्षभरात किती किलो भरला याची बेरीज करा. मेकॅनिक ‘थोडा टॉप-अप करून बघू’ म्हणाला तर थांबवा. गॅस हवेत न सोडता रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा, नायट्रोजनचा दाब द्यायचा आणि साबणाच्या फेसाने जोड तपासायचे. फ्लेअर नट (नळ्यांचे जोड आवळणारे नट), सर्व्हिस व्हॉल्व्ह (गॅस भरण्या-काढण्याची झडप), कॉम्प्रेसरजवळ थरथरून घासलेली नळी इथे गळती हमखास सापडते. दुरुस्तीनंतर पंपाने नळ्यांमधली हवा पूर्ण ओढून काढली नाही (व्हॅक्यूम पुरेसा झाला नाही) तर आत ओलावा राहतो, तेलात आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसर जळतो. आर-४०४ए तीन गॅसचं मिश्रण आहे, वायुरूपात भरला तर त्यांचं प्रमाण बिघडतं, त्यामुळे तो द्रवरूपातच भरावा.

यंत्रणा अजून बरीच वर्षं चालणार असेल तर त्याऐवजी आर-४४८ए किंवा आर-४४९ए हा गॅस चालतो का, हे उत्पादकाला विचारा. त्यांचा आकडा ३९०० ऐवजी १४००च्या आसपास आहे. मात्र एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (आत किती गॅस सोडायचा ते ठरवणारी झडप) पुन्हा सेट करावा लागतो. जुन्या यंत्रात प्रोपेन कधीही भरू नका, तो पेट घेतो. थंडाव्याचा गॅस म्हणून कार्बन डायऑक्साइडही वापरता येतो, पण त्याचा दाब १०० बारच्या आसपास जातो. त्याला सगळी यंत्रणाच नवी लागते.

त्यानंतर उघड्या चिलरना काचेचे दरवाजे. तेवढं बजेट नसेल तर निदान लोड लाइनच्या (माल कुठवर रचायचा त्या खुणेच्या) वर माल रचणं आणि परतीच्या हवेच्या जाळीवर पाकिटं ठेवणं बंद करा. उघड्या चिलरच्या तोंडावर वाहणारा थंड हवेचा पडदा तुटला की कॉम्प्रेसर उगाच धावत राहतो.

प्रश्न : पर्यावरणपूरक मालावर हिरवी लेबलं लावली, पण खपात काही फरक नाही. काय चुकतंय?

उत्तर : बहुधा लेबलं दोन ब्रँडच्या बिस्किटांमध्ये फरक दाखवताहेत. खरा फरक असतो तो पदार्थापदार्थांत. गोमांस आणि कडधान्य यांच्या एका किलोमागच्या उत्सर्जनात कित्येक पटींचं अंतर असतं, तर पॅकिंग आणि वाहतुकीचा वाटा सहसा थोडा. विमानाने आलेली नाजूक फळं हा मोठा अपवाद. म्हणून कडधान्यांची तयार पाकिटं मांसाच्या शेजारी, डोळ्यांच्या उंचीवर ठेवून बघा. जागा बदलण्याला लेबल छापण्याइतकाही खर्च येत नाही.

नाशवंत मालावर ‘एकावर एक मोफत’ नको. दुसरं पाकीट घरी सडतं. त्यापेक्षा मुदत संपायच्या आदल्या दिवशी दुपारीच किंमत उतरवा. संध्याकाळी उशिरा उतरवली तर गिऱ्हाईक निघून गेलेलं असतं आणि माल कचऱ्यात जातो. कचरा डेपोत हवेविना कुजताना त्यातून मिथेन निघतो.