कॉफी तेजीत आहे, वर्षाचा माल भरून ठेवू का?

या सदरात एरवी कापूस, केळी, तूर आणि सोनं यांचेच प्रश्न येतात. या खेपेला चार पत्रांत कॉफी निघाली. मी धरणगावच्या एका जिनिंगमध्ये एकतीस वर्षं मुनीमकी केली. कॉफीचं झाड पहिल्यांदा पाहिलं ते साठी उलटल्यावर, चिखलदऱ्याला. पण न्यूयॉर्कच्या ज्या बाजारात रुईचा वायदा, म्हणजे पुढच्या महिन्यांत द्यायच्या मालाचा आज ठरणारा सौदा, चालतो, त्याच बाजारात कॉफीचाही चालतो, आणि त्या बाजाराचा स्वभाव मला जागरणं करून कळला आहे. तिथला बाजार उठतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा-बारा वाजलेले असतात. शेठ झोपायच्या आधी फोन करायचे, "काय भाव शे भो?" मी आकडा सांगायचो. मग त्यांना झोप यायची नाही, आणि मलाही.

आप्पा, भुसावळला स्टेशनजवळ माझं फिल्टर कॉफीचं छोटं दुकान आहे. रोज १२० कप जातात. दोन वर्षांत पावडर ४२० वरून ७०० रुपये किलोवर गेली. आता चिकमगळूरचा व्यापारी म्हणतो, ७२० रुपयांनी ४०० किलो आत्ताच बुक करा, पैसे आगाऊ द्या, ब्राझीलचं पीक गेलंय, हजार होईल. मोबाइलवर मात्र भाव उतरल्याची बातमी येते. कोणाचं खरं धरू? — एक दुकानदार, भुसावळ

भाऊ, खरं दोघांचंही असू शकतं, फक्त तारखा वेगळ्या. २०२५ हे एकच वर्ष घ्या. फेब्रुवारीत न्यूयॉर्कला अरेबिका कॉफी पौंडाला चार डॉलरच्या वर गेली. जुलैत तीनच्या खाली आली. ऑगस्टमध्ये अमेरिकेने ब्राझीलच्या मालावर ५० टक्के कर बसवला आणि सप्टेंबरात भाव पुन्हा चारच्या वर. नोव्हेंबरात कॉफीवरचा तो कर काढला. या वर्षातली कुठलीही बातमी कापून खिशात ठेवा, पुढच्या तिमाहीत ती खोटी ठरेल. विकणारा नेहमी तेजीची कात्रणं जवळ ठेवतो. आमच्या जिनमध्ये खरेदीवाला मंदीची ठेवायचा.

आता तेजी आली कुठून ते बघू. कॉफी दोन जातींची. अरेबिका नाजूक, उंचावरची, तिचा भाव न्यूयॉर्कला ठरतो. रोबस्टा दणकट आणि कडू, तिचा भाव लंडनला, टनावर. जगातली तिसरा हिस्सा किंवा जास्तच कॉफी एकट्या ब्राझीलची, आणि रोबस्टात पहिला नंबर व्हिएतनामचा. दोन देशांच्या हवेवर जगाचा कप अवलंबून. ब्राझीलमध्ये जुलै म्हणजे ऐन हिवाळा. आपण इकडे पावसाची वाट बघत असतो आणि तिकडे मळ्यांवर हिमदव पडतो, म्हणजे दवच गोठतं. जुलै १९७५ मध्ये एका हिमदवाने पाराना राज्यातले मळे जळून काळे पडले आणि १९७७ मध्ये कॉफीने तीन डॉलर ओलांडले. तो विक्रम डिसेंबर २०२४ मध्ये, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनी मोडला. मधल्या काळात जुलै २०२१ चा हिमदव झाला, पाठोपाठ दुष्काळ. कपाशी गेली तर पुढच्या जूनमध्ये नवी पेरता येते. कॉफीचं झाड मेलं तर नवीन झाडाला फळ धरायला तीन-चार वर्षं जातात. बाजार घाबरतो तो या तीन-चार वर्षांना.

रोबस्टाची गोष्ट आणखी आपल्यातली आहे. २०२३ च्या सुरुवातीला ती टनाला दोन हजार डॉलरच्या आसपास होती, २०२४ मध्ये पाच हजारांच्या वर गेली. एल निनोचा दुष्काळ हे एक कारण. दुसरं असं की व्हिएतनामच्या शेतकऱ्यांनी कॉफी काढून डुरियन लावलं. डुरियन हे फणसासारखं काटेरी, उग्र वासाचं फळ. चीनला जातं, पैसा चांगला देतं. रावेर-यावलला कपाशी मोडून केळी लावणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. त्यात लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारा माल आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागला. भाडं वाढलं, दिवस वाढले.

आणि आता तुमच्या कामाची गोष्ट. भाव असा चढल्यावर व्हिएतनाममध्ये काय झालं? ज्या मधल्या व्यापाऱ्यांनी जुन्या भावात माल द्यायचं कबूल केलं होतं, त्यांच्यातल्या कित्येकांनी दिलाच नाही. शेतकऱ्याने त्यांना दिला नाही, म्हणून त्यांनी निर्यातदाराला दिला नाही. कागदावर सौदा होता, गोदामात पोतं नव्हतं. हे तुमच्या व्यापाऱ्याला लावून बघा. तुम्ही त्याला आज २ लाख ८८ हजार दिले. भाव ८०० झाला, तर तो तुम्हाला ७२० ने शेवटपर्यंत माल देईल का? "जरा थांबा, ट्रक अडकलाय," सुरू होईल. भाव ६०० झाला, तर मात्र तो सौद्याला अगदी पक्का राहील. चढला तर तुमचा फायदा त्याच्या इमानावर, उतरला तर तोटा नक्की तुमचा. भावाची जोखीम आहेच, पण त्याहून मोठी जोखीम माणसाची आहे, आणि त्या जोखमीचा भाव कुठल्याच बाजारात लागत नाही.

शिवाय पावडर म्हणजे सोनं नव्हे. भाजून दळलेली कॉफी काही आठवड्यांत वास सोडते. भुसावळच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, पत्र्याखाली ठेवलेली पावडर दिवाळीला काय चवीची असेल ते तुमचं गिऱ्हाईकच सांगेल. साठवायची तर हिरवी, न भाजलेली कॉफी साठवतात. ती भाजायला-दळायला तुमच्याकडे यंत्र नाही, असं पत्रावरून दिसतं.

साठवणुकीबद्दल मी अधिकाराने बोलतो, कारण मी त्यात तोंड पोळून घेतलं आहे. २०२१ च्या दिवाळीत घरचा कापूस ८,२०० ने विकला आणि पुढच्या उन्हाळ्यात लोकांनी बारा हजार घेतले. मनाला लागलं. म्हणून पुढच्या हंगामात २२ क्विंटल मधल्या खोलीत भरला. दिवाळीनंतर नऊ हजार मिळत होते, तेव्हा मी "थांबा" म्हणालो. मार्चपर्यंत खोलीत पाय ठेवायला जागा नाही, नातवंडांच्या अंगावर लाल पुरळ, रात्रभर खाजवणं. कापसातल्या किड्यांनी घर धरलं होतं. बायको अंगणात झोपायला लागली. जूनमध्ये पेरणीला पैसा हवा, सात हजारांच्या आत दिला. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या तेजी-मंदीचा हिशेब लिहिणारा माणूस मी!

एक खूण सांगतो, ती तेव्हा मी स्वतःच विसरलो होतो. वायद्यात जवळच्या महिन्याचा भाव चढा आणि लांबच्या महिन्याचा उतरता असेल, तर बाजार म्हणतो आहे की टंचाई आजची आहे, पुढच्या पिकाने भरून निघेल. अशा वेळी माल धरून ठेवणारा दंड भरतो. २०२४-२५ च्या तेजीत कॉफीचे वायदे असेच उलटे होते. तुमचा व्यापारी पुढे हजार होईल म्हणत असेल, तर लांबच्या महिन्याचा वायदा काय चाललाय एवढंच त्याला विचारा.

आता कपाचा हिशेब, कारण पत्रात तो नाही. एका कपाला १० ग्रॅम पावडर धरतो. ४२० च्या भावाने ४ रुपये २० पैसे, ७०० च्या भावाने ७ रुपये. कपामागे वाढ २ रुपये ८० पैसे. शंभर मिली दूध ६४ रुपये लिटरने ६ रुपये ४० पैशांचं. म्हणजे तुमच्या कपात दूध आणि कॉफी जवळजवळ सारख्याच पैशांची आहे, आणि दुधाला तुम्ही वर्षभराचं बुकिंग करत नाही. पावडर आणखी १०० रुपयांनी चढली तरी कपाला एकच रुपया लागतो. कप पाच रुपयांनी एकदाच वाढवा आणि वर्षभर त्याला हात लावू नका. रोज पाटी बदलणाऱ्या दुकानात स्टेशनचं गिऱ्हाईक थांबत नाही. माल दीड महिन्याचा ठेवा, दुसरा एक व्यापारी हाताशी ठेवा, आणि आगाऊ द्यायचे तर एका खेपेचेच द्या.

आणि चिकोरीचं प्रमाण लेखी घ्या. ही मुळी भाजून कॉफीत मिसळतात, ती कॉफीपेक्षा बरीच स्वस्त. नियमाप्रमाणे मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवी आणि चिकोरीचा टक्का पाकिटावर छापायला हवा. तेजीत ८०:२० चं गुपचूप ७०:३० होतं. रुईत पाणी मारायचे, तसंच हे.

कॉफी आपल्याच देशात पिकते, मग ब्राझीलच्या थंडीने आमची बरणी का महागते? आणि भाव उतरले तरी बरणी का उतरत नाही? — एक गृहिणी, जळगाव

ताई, तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना कापूस एकाधिकार खरेदी आठवत असेल. १९७२ पासून कितीतरी वर्षं कापूस सरकारलाच घालायचा, भाव सरकार सांगेल तो. कॉफीचंही तसंच होतं. मळेवाल्याने माल कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यायचा, विक्री बोर्ड करणार. नव्वदच्या दशकात ते टप्प्याटप्प्याने सुटलं आणि १९९६ पासून मळेवाला पूर्ण मोकळा झाला. आता देशातली बहुतेक कॉफी बाहेर जाते, इटली हे मोठं गिऱ्हाईक. कर्नाटकातल्या कोडगूच्या मळेवाल्याला लंडनचा भाव मिळत असताना तो तुम्हाला स्वस्त का देईल? बाहेरून आणावी तर आयातीवर १०० टक्क्यांपर्यंत कर. त्यात रुपया २०२५ च्या अखेरीस डॉलरला नव्वदीपार गेला, म्हणजे न्यूयॉर्कला भाव हलला नाही तरी इथे चढला.

मोकळीक मळेवाल्यालाही नेहमी मानवली असं नाही. १९८९ मध्ये निर्यातदार देशांचा कोटा मोडला आणि २००१ मध्ये अरेबिका पौंडाला अर्ध्या डॉलरच्या खाली गेली होती. तेव्हा तुमची बरणी अर्ध्या किमतीत आली होती का? नाही.

कारण बरणीतली कॉफी कंपनीने काही महिन्यांपूर्वीच्या भावात घेतलेली असते. महाग माल संपेपर्यंत ती उतरवत नाही, चढताना मात्र इतकी वाट बघत नाही. तुम्ही किमतीपेक्षा ग्रॅम बघा. पाकीट तेवढंच, किंमत तीच, आत माल कमी, ही युक्ती सगळीकडे चालते. इन्स्टंट कॉफीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुनी बरणी घरात असेल तर तिच्यावरची छापील किंमत आणि वजन नव्याशेजारी ठेवून बघा.

मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये न्यूयॉर्कच्या कॉफी वायद्याच्या टिप्स मिळतात. पन्नास हजारांत सुरुवात करता येते म्हणे. करू का? — एक तरुण, शिरपूर

नको.

एक सौदा ३७,५०० पौंडांचा. चार डॉलरने तो दीड लाख डॉलरचा होतो. भाव एक सेंट हलला की ३७५ डॉलर. तेजीच्या दिवसांत दहा सेंट हलणं रोजचं, म्हणजे तीन लाखांहून जास्त रुपये, एका रात्रीत. २०२४ मध्ये गोदामात खरी कॉफी असलेल्या निर्यातदारांनासुद्धा वाढीव मार्जिन, म्हणजे सौद्यापोटी बाजारात ठेवायची अनामत, भरता भरता नाकी नऊ आले. त्यांनी भाव पडेल या भीतीने वायद्यात विकून ठेवलं होतं, भाव चढत गेला आणि रोज रोख भरावी लागली. तुमच्यापाशी तर पोतंही नाही. वर, परदेशी बाजारात मार्जिनसाठी पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची मुभाच नाही. मग तुमचे पन्नास हजार नक्की कुठे जाणार, हे त्या ग्रुपवाल्याला विचारा आणि उत्तर येईपर्यंत पैसे खात्यातच राहू द्या.

सातपुड्याच्या पायथ्याशी चार एकर आहे, केळीच्या भावाला कंटाळलोय. कॉफी लावली तर? — एक शेतकरी, यावल तालुका

दादा, अरेबिकाला पंधरा ते पंचवीस अंशांची हवा लागते, डोक्यावर सावली आणि आपल्या दुपटीहून जास्त पाऊस. फुलोऱ्यासाठी मार्च-एप्रिलमध्ये एक चांगली सरही हवी. आपल्याकडे त्याच दिवसांत केळीच्या बागेला उन्हापासून वाचवायला कडेने पडदे बांधावे लागतात. चिखलदऱ्याला कॉफी आहे, सातपुड्यातच आहे, पण ते गाव अकराशे मीटरवर. तुमचं शेत पायथ्याला. केळी वर्षभरात घड देते, कॉफी पहिल्या बहराला तीन-चार वर्षं घेईल, आणि तोवर सोसायटीचं व्याज थांबणार नाही. हौसच असेल तर घरामागे, आंब्याच्या सावलीत दोन रोपं लावून बघा. जगली तर मला कळवा, मी पाहायला येईन. येताना पावडर मीच घेऊन येतो.