प्रार्थनेला शब्द फुटत नाहीत तेव्हा

प्रार्थनेला बसतेस आणि तोंडातून शब्दच निघत नाही, म्हणजे आपला विश्वास खोटा, असं मनात आणू नकोस. बायबलमधलं स्तोत्र १३ काढून बघ. पहिल्या दोनच ओव्यांत दावीद राजा देवाला चार वेळा विचारतो, ‘कोठवर?’ स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. अशी गाऱ्हाणी पवित्र शास्त्रात आहेत, म्हणजे देवाला ती ऐकायची आहेत. तेव्हा गोड बोलायचा आटापिटा करू नकोस, जे आहे तेच सांग.

माझे यजमान अंथरुणाला खिळले होते तेव्हा रात्री त्यांचं औषध देऊन झालं की मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसायचे. ‘प्रभू, आजची रात्र सांभाळ,’ एवढंच म्हणायचे. कित्येक महिने तेवढीच प्रार्थना होती.

आणि अंगाकडे दुर्लक्ष करू नकोस, हे मी फार उशिरा शिकले. बायबलच्या ‘१ राजे’ या पुस्तकात, १९व्या अध्यायात, एलिया संदेष्टा मरण मागून झुडपाखाली झोपतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. ऊठ, खा म्हणतो. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. पुढचा लांबचा प्रवास त्यानंतरचा. त्यामुळे दोन घास खाऊन झोपलीस तर त्यात अविश्वास नाही.

‘पापामुळे हे आलं’ असं कुणी म्हणालं, तर योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात येशूने जन्मांधाबद्दल काय उत्तर दिलं ते वाच: पाप त्याचंही नाही, त्याच्या आईबापांचंही नाही. चर्चच्या मंडळीतल्या एका तरी बहिणीला खरं काय चाललंय ते सांग. रविवारी रडू आलं तरी ये, मागच्या बाकावर बस, मी शेजारी असेन.